फुटाण्याचा नमुना

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डमडम स्टेशनाजवळच्या एका गल्लीत प्राण्यांचा दवाखाना आहे. तिथे खिडकीपाशी, लाकडी टेबलावर मी उभा असतो. तुम्ही आलात तर मला ओळखणं सोपं आहे. माझ्या नळीवरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि आतलं पितळ दिसू लागलं आहे.

माझा जन्म अंबाल्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी भिंगं घासली, नळीत बसवली, पायाशी एक गोल आरसा लावला आणि मला पेंढ्यात गुंडाळून खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं ते थेट कोलकात्यात, बागबाजारातल्या एका शाळेत. तिथे मी किती वर्षं कांद्याची साल आणि डासाचा पंख दाखवला! मुलं रांग लावायची. एक डोळा मिटून दुसरा माझ्यावर टेकवायची आणि "ओ मा!" म्हणून दचकून मागे सरायची. ते "ओ मा!" ऐकायला मला फार आवडायचं.

मग शाळेत विजेच्या दिव्यांचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. कोलकात्याची हवा दमट. बंद कपाटात भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. माझ्याही एका भिंगाच्या कडेला ती धरली. शाळेनं जुनं सामान बाहेर काढलं, तेव्हा डॉक्टर घोषाल मला घेऊन आले. ते त्याच शाळेत शिकले होते आणि आता जनावरांचे डॉक्टर झाले होते. त्यांनी माझं भिंग साफ करून घेतलं.

दवाखान्यात माझं काम बदललं. माझ्याखाली आता कुत्र्यामांजरांच्या शीचे नमुने येऊ लागले. हसू नका, मित्रांनो. पोटातले जंत बाहेरून दिसत नाहीत. पण ते आतड्यात अंडी घालतात आणि ती अंडी शीतून बाहेर पडतात. चिमूटभर शी मिठाच्या दाट पाण्यात ढवळून ठेवली की अंडी हलकी म्हणून वर तरंगतात. वरचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि माझ्याखाली सरकवायचा. कुठला जंत आहे ते अंड्यावरून कळतं.

शाळेत मी निर्धास्त होतो. कांद्याच्या सालीत काही नजरेतून सुटलं तर कुणाचं काय बिघडणार? इथे मात्र टेबलापलीकडे कुणीतरी उभं असतं. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू असतं आणि त्याचे डोळे माझ्याकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. तेव्हापासून माझ्या मागे जो घोर लागला, तो आजतागायत सुटलेला नाही.

मध्यंतरी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत पडली आणि मी पुन्हा कपाटावर चढलो. मला खाली उतरवलं ते तेजस्विनीनं.

तेजस्विनी या दवाखान्यातली नर्स. रोज सकाळी बराकपूरहून लोकलनं येते. तिचे वडील सैन्यात होते. मूळ गाव कराडकडे, पण निवृत्तीनंतर ते बराकपुरातच राहिले. त्यामुळे तेजस्विनी बंगालीत वाढली. आईशी फोनवर ती मराठी बोलते आणि मी मराठी शिकलो ती तिच्याकडूनच. मात्र तिची मराठी जरा वेगळी आहे. बंगालीत 'तो आला, ती आली' असा भेद नसतो, म्हणून मराठीत तिचा गोंधळ होतो. ती स्वतःला "मी बघतो, मी जातो" म्हणते. घर तिच्या तोंडी 'तो' असतं. इथे येणारी मुलं तिला 'तेजूदी' म्हणतात, म्हणजे तेजूताई.

कामावर आली त्याच आठवड्यात तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, "सर, रिपोर्ट उद्या येतो. पण माणूस तर आज समोर उभा असतो. हा सूक्ष्मदर्शक मी वापरू?" डॉक्टर घोषाल हसून हो म्हणाले. तिनं माझ्यावरचं फडकं काढलं, मऊ कापडानं माझी भिंगं पुसली आणि माझ्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. कित्येक दिवसांनी माझ्या आरशात खिडकीतला उजेड आला.

आता मी फुटाण्याची गोष्ट सांगतो.

वैशाखातला रविवार होता. आदल्या संध्याकाळी वादळ होऊन गेलं होतं, तरी सकाळीच अंग चिकट होत होतं. कादंबरी नावाची एक बाई पिल्लू घेऊन आली. बरोबर तिची दुसरीतली मुलगी ऋता. कादंबरीचा नवरा सुयश बँकेत अधिकारी. नाशिकहून त्याची इथे बदली झाली होती. पिल्लू रस्त्यावरचं होतं, तपकिरी आणि इवलंसं. त्याची आई गाडीखाली गेली होती आणि ऋतानं त्याला बिल्डिंगच्या जिन्याखालून उचलून आणलं होतं. नावही तिनंच ठेवलं होतं, फुटाणा.

कादंबरी मोडक्या हिंदीत सांगू लागली. तेजस्विनीनं मध्येच विचारलं, "वहिनी, तुम्ही मराठी?"

कादंबरीचा चेहरा एकदम सैल पडला. "अगं बाई! तू मराठी आहेस? बरं झालं बाई. शी-बिची हिंदीत कशी सांगायची हेच मला कळत नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. पिल्लू दोन दिवसांपासून खात नव्हतं. शी काळी, डांबरासारखी होत होती. औषधांच्या दुकानातून जंताची गोळी आणून तिनं अंदाजानं अर्धी दिली होती. सासूबाईंनी वावडिंग घालून उकळलेलं दूध पाजलं होतं.

"आमच्याकडे लहान मुलांना देतात," ती ओशाळून म्हणाली.

"माझा आई पण मला द्यायचा," तेजस्विनी म्हणाली. तिनं पिल्लाचा ओठ हळूच वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. तिनं पिल्लाचं वजन केलं, डबीतला नमुना घेतला, मिठाच्या पाण्यात ढवळला आणि थोड्या वेळानं काचपट्टी माझ्याखाली आली.

मला फार शोधावं लागलं नाही. पातळ कवचाची, लांबट गोल अंडी जिकडेतिकडे पसरली होती. ती अंकुशकृमीची होती. हा जंत दोऱ्याएवढा असतो, पण आतड्याला चावा घेऊन रक्त पितो. एवढ्याशा पिल्लात रक्त ते किती असणार! तेजस्विनीनं नळीवरून डोळा उचलला तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

डॉक्टर घोषालांनी फुटाण्याला तपासलं. "रक्त बरंच कमी झालंय," ते म्हणाले. "वजनाप्रमाणे औषध देऊ, इंजेक्शन देऊ. तरी हिरड्या सुधारल्या नाहीत, तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. जगेल असं आज मी सांगत नाही."

ते पिल्लाला आतल्या खोलीत घेऊन गेले. तेजस्विनी कादंबरीला समजावू लागली. औषध एकदा देऊन भागत नाही, ठरल्या वेळी पुन्हा द्यायचं. शी रोजच्या रोज उचलायची, कारण ताज्या शीतल्या अंड्यातून अळी तयार व्हायला काही दिवस लागतात. आज उचलली, तर अळी होतच नाही. "आणि ओल्या मातीत, वाळूत उघड्या पायानं कुणी फिरायचा नाही. ती अळी माणसाच्या कातडीतून पण आत शिरते."

हे ऐकून ऋतानं आपल्या पायांकडे पाहिलं. मी टेबलावर होतो, मला ती समोर दिसत होती. अंगात बिनबाह्यांचा फ्रॉक, घामानं केस कपाळाला चिकटलेले आणि पायात शाळेचे जाड मोजे. रविवारी, त्या उकाड्यात! एका पायाचा अंगठा ती दुसऱ्या पावलावर घासत होती. थांबायची, पुन्हा घासायची.

तेजस्विनीचंही तिकडे लक्ष गेलं. कादंबरी आत गेल्यावर ती ऋतापुढे उकिडवी बसली आणि तिनं हळूच विचारलं, "पायाला खाजतंय?"

ऋतानं मान हलवून नाही म्हटलं. तेजस्विनी तशीच बसून राहिली. मग मुलीनं मोजा खाली केला.

तळव्याच्या कडेला एक लाल रेघ होती. सरळ नव्हे, वळणावळणाची, जणू कुणी कातडीखालून वाट काढत चाललं होतं. आजूबाजूला खाजवल्याचे ओरखडे होते.

"तेजूदी, आईला सांगू नकोस," ऋता भराभर बोलू लागली. "आजी म्हणालीये, कुणाला काही झालं तर त्याच दिवशी कुत्रा घराबाहेर. तू सांगितलंस ना, तर फुटाण्याला टाकून देतील. तो किती आजारी आहे! शपथ घे. घे ना शपथ!"

मित्रांनो, त्या क्षणी तेजस्विनीनं शपथ घ्यावी असं मला वाटत होतं आणि घेऊ नये असंही वाटत होतं. आत पिल्लू इंजेक्शनानं कुंईकुंई करत होतं. ऋतानं तेजस्विनीची बाही घट्ट धरली होती.

"शपथ नाही घेणार, ऋता," तेजस्विनी म्हणाली. "मी आईला सांगणार. पण तुझ्या मागे नाही, तुझ्यासमोर सांगणार."

ऋतानं बाही सोडली. "मग मी तुझ्याशी कध्धीच बोलणार नाही."

कादंबरी बाहेर आली तेव्हा तेजस्विनीनं तिला तो पाय दाखवला. कादंबरीनं बाकावर बसून तो पाय मांडीवर घेतला. "आणि मी म्हणत होते, मोज्यांचं काय खूळ घेतलंय हिनं! हे... हे फुटाण्यामुळे झालं?"

"सांगता येत नाही, वहिनी. ही अळी आहे असं मला वाटतं, पण ते माणसांच्या डॉक्टरनी बघायला पाहिजे. आजच जा. औषध आहे याच्यावर. ही कुत्र्याची अळी माणसाच्या कातडीत रस्ता चुकते, वाढत नाही. पण खाजवून जखम पिकू शकते."

"पण आली कुठून?"

"ऋता उघड्या पायानं कुठे खेळते?"

उत्तर कादंबरीनं दिलं. बिल्डिंगमध्ये बांधकाम चाललं होतं. फाटकाशी वाळूचा मोठा ढीग होता आणि सगळी मुलं तिथेच खेळत. रस्त्यावरची कुत्री-मांजरंही तिथेच जात.

"मग तिथली असेल, नाहीतर फुटाण्याची असेल," तेजस्विनी म्हणाली. "या काचेखाली सगळ्या कुत्र्यांच्या पोटातली ही अंडी सारखीच दिसतात. कुणाची अळी, ते मी सांगू शकत नाही."

खरं होतं ते. मलाही सांगता आलं नसतं. तेव्हा मला माझाच राग आला. केसाहून बारीक गोष्ट मी मोठी करून दाखवतो, पण त्या घराला नेमकं जे हवं होतं, ते माझ्यापाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुयश आला. एका टोपलीत फुटाणा होता. सोबत त्याची वाटी आणि ऋताचा एक जुना फ्रॉक, पिल्लू त्यावर झोपायचं म्हणून.

"त्वचेच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, अळीच आहे," तो म्हणाला. "औषध सुरू केलंय. पण आई ऐकत नाही. काल रात्रभर ती ऋताच्या उशाशी बसून होती." त्यानं टोपली टेबलावर ठेवली. "आणि खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटते. याच्यासाठी दुसरं घर बघाल का?"

तेजस्विनीनं फक्त एवढंच विचारलं, "ऋता?"

"शाळेत आहे. तिला अजून सांगितलेलं नाही."

तो गेल्यावर तेजस्विनीनं टोपली माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली. जेवायच्या सुट्टीत तिनं आईला फोन लावला. "आई, मी खरं बोललो, आणि त्या पिल्लाचा घर गेला," ती म्हणाली. पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तेजस्विनी नुसती "हं, हं" करत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

मग सुरू झालं वाट बघणं. फुटाणा फ्रॉकमध्ये नाक खुपसून पडून असायचा. दर थोड्या वेळानं तेजस्विनी येऊन त्याचा ओठ वर करायची, हिरडी बोटानं दाबायची आणि रंग परत येतो का ते बघायची. रक्त देणाऱ्या एका मोठ्या कुत्र्याच्या मालकाला डॉक्टरांनी तयार राहायला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी तिचा हात पिंजऱ्याच्या कडीकडे गेला की माझ्या भिंगात कंप सुटल्यासारखं व्हायचं. आता ती काय म्हणेल? पिल्लू अजून श्वास घेतंय ना?

एकदा दुपारी तिनं आपल्या डब्यातल्या माशाच्या रश्श्यात, काटे काढून, थोडा भात कालवला आणि बोटावर घेऊन त्याच्या नाकापाशी धरला. फुटाण्यानं हुंगलं. मान वळवली. पुन्हा हुंगलं. आणि एक शीत चाटलं. त्यानं दुसरं शीत चाटलं, मग बोटच चोखू लागला.

"सर!" तिनं हाक मारली. "सर, तो खातो!"

त्यानंतर हिरड्यांचा रंग हळूहळू पालटला. आधी पांढरट, मग फिकट गुलाबी. दुसऱ्याचं रक्त द्यावं लागलं नाही. पण माझा घोर संपला नाही, कारण आता दुसरीच काळजी उभी राहिली. बराकपूरचे एक गृहस्थ, चंद्रकांत नावाचे, तेजस्विनीच्या वडिलांच्या ओळखीचे, पिल्लू बघायला आले. माणूस भला होता. त्यांनी फुटाण्याला मांडीवर घेतलं, कान खाजवले. "येत्या रविवारी नेतो याला. अंगण आहे घराला," ते म्हणाले.

घर चांगलं होतं. तेजस्विनीनं आनंदी व्हायला हवं होतं. पण ते गेल्यावर ती बराच वेळ फोन हातात धरून उभी राहिली. शेवटी तिनं कादंबरीचा नंबर लावला.

"वहिनी, फुटाण्याला एक चांगला घर मिळालाय. पण देण्याआधी तुम्हाला विचारतो." मग ती ऐकत राहिली. "नाही, मी 'घेऊन जा' म्हणत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण ऋताला विचारल्याशिवाय देऊ नका. एकदा तिच्या मागे झालं. पुन्हा नको."

शनिवारी सकाळी तिघी आल्या. कादंबरी, ऋता आणि सरलाआजी. आजी उंबऱ्यातच थबकल्या. सुती नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, काखेत पर्स आणि नाकाला पदर. कशालाही हात लागू नये म्हणून त्या अंग चोरून उभ्या होत्या. ऋता कुणाकडे न बघता पिंजऱ्यापाशी गेली. फुटाण्याची शेपटी पिंजऱ्याच्या गजांवर टकटक वाजू लागली. ऋतानं बोट आत घातलं नाही. गजाला गाल लावून नुसती बसली.

"तूच का ती मुलगी?" आजींनी विचारलं.

"होय, आजी."

"तू वेळेवर सांगितलंस म्हणून पोरीचा पाय बरा होतोय. त्यासाठी आले. पण कुत्रं मला नको."

तेजस्विनीनं त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हाला सगळ्यांना मी वेडी वाटत असेन," आजी म्हणाल्या. "माझा एक धाकटा भाऊ होता, मधुकर. पोट असं फुगायचं त्याचं. सगळे म्हणायचे, गोड खातो, जंत झालेत, होईल बरा. कुणी मनावर घेतलं नाही. एक दिवस पोट धरून रडायला लागला. गाडी जुंपून तालुक्याला नेईपर्यंत वाटेतच गेला. मी गाडीत होते. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं." त्यांनी पदर सावरला. "ऋताच्या पायावरची ती रेघ पाहिली आणि मला मधुकर दिसला."

कादंबरी सासूकडे बघतच राहिली. तिनं हे कधी ऐकलेलं नसावं. तेजस्विनी 'ते जंत वेगळे होते' असं म्हणाली नाही. 'आता तसं होत नाही' असंही म्हणाली नाही. तिनं फक्त खुर्ची थोडी पुढे सरकवली. आता आजी बसल्या.

"मला दाखव ते," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "जे पोटात असतं ते. तुला यातून दिसतं ना?"

फुटाण्याचा त्या सकाळचा नमुना तयारच होता. तेजस्विनीनं काचपट्टी माझ्याखाली ठेवली, आरसा वळवून उजेड घेतला आणि स्वतः आधी इंच न् इंच बघून घेतलं. मीही जीव तोडून बघत होतो. मग तिनं आजींना जागा दिली. आजींनी चष्मा काढला आणि डोळा टेकवला. त्यांच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. किती वेळ त्या बघत होत्या!

"काहीच दिसत नाही मला."

"काही नाहीच, आजी. आज एकही अंडी नाही."

"म्हणजे गेले सगळे?"

इथे 'हो' म्हणणं किती सोपं होतं! ऋता गजापासून मान वळवून ऐकत होती.

"तसा सांगता येत नाही. काही अळ्या अंगात लपून राहतात, मागून आतड्यात येतात. पुन्हा औषध द्यावं लागेल, पुन्हा बघावं लागेल. शी रोज उचलायची, घरी आल्यावर हात धुवायचे, बाहेर चपला घालायच्या. आणि आजी, फुटाणा गेला तरी तो वाळूचा ढीग फाटकाशीच राहणार. मुलं तिथेच खेळणार."

बाहेर गल्लीत एक रिक्षावाला भोंगा वाजवत गेला.

"म्हणजे खात्री नाहीच," आजी म्हणाल्या.

"नाही. काळजी घ्यावी लागेल."

"काळजी," आजी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जन्मभर नुसती करत आले मी काळजी. मधुकर गेल्यापासून करतेच आहे. त्यानं कुणाचं काय भलं झालं?" त्या उठल्या, चष्मा लावला आणि पिंजऱ्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "घ्या त्याला बरोबर. घेऊन बघू या काळजी. पण मी त्याला हात लावणार नाही, हे आधीच सांगते."

ऋतानं रडत रडत कडी काढली. जाताना ती तेजस्विनीच्या जवळून गेली, पण तिच्याशी बोलली नाही. तेजस्विनीनंही तिला हाक मारली नाही. रविवारी चंद्रकांतना तिनंच फोन करून माफी मागितली.

पुढच्या गोष्टी मला कादंबरीच्या बोलण्यातून कळल्या. आजींना बंगालीचा एक शब्द येत नाही. तरी त्यांनी बिल्डिंगच्या सेक्रेटरींना वाळूच्या ढिगापाशी उभं केलं, ऋताचा पाय दाखवला, ढिगाकडे बोट केलं आणि ताडपत्री येईपर्यंत त्यांना हलू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ हातात वर्तमानपत्राचे तुकडे आणि पिशवी घेऊन फुटाण्याच्या मागे फिरतात त्याही आजीच. पिल्लाला हात मात्र लावत नाहीत.

पण मित्रांनो, गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. पुढच्या तपासणीला माझ्याखाली पुन्हा अंडी दिसली. फार नव्हती, एका कोपऱ्यात एक, पलीकडे दोन. मला वाटलं, संपलं सगळं. आता टोपली येणार. तेजस्विनीनं कादंबरीला सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. कादंबरीनं तिथूनच घरी फोन लावला आणि आजींना सांगितलं. फोनमधून आजींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मग? ती मुलगी म्हणालीच होती. औषध घेऊन या आणि लवकर या, त्याच्या खाण्याची वेळ झालीये."

परवा ते सगळे पुन्हा आले होते. फुटाणा आता ओळखू येत नाही, एवढा वाढला आहे. ऋता चपला वाजवत आत आली, सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि तेजस्विनीसमोर नमुन्याची डबी ठेवून उभी राहिली. इतक्या दिवसांत ती तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"तेजूदी, काल माझ्या हातून पट्टा सुटला," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तो गटारापाशी गेला आणि त्यानं काहीतरी घाण खाल्लं. कुणी पाहिलं नाही, मीच पाहिलं. काय होतं ते माहीत नाही. म्हणून सांगतेय."

मागे आजी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मोठे केले, पण त्या रागावल्या नाहीत.

"बरं केलास, सांगितलास," तेजस्विनी म्हणाली. "ये, आपण दोघी बघू."

तिनं ऋताला स्टुलावर उभं केलं. पोरीचा डोळा माझ्यावर टेकला. त्या दिवशी काही सापडलं नाही. पुढच्या वेळचं मला माहीत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्याचं एवढं ऐका. तुमच्या घरात कुत्रं असो, मांजर असो, त्याची घाण उचलायला लाजू नका. औषध अंदाजानं देऊ नका, वजन करून द्या. बाहेर चपला घाला, हात धुवा. आणि कुठे खाजलं, दुखलं, तर ते झाकून ठेवू नका, घरात सांगा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही माझा एक निरोप द्या. खरं सांगितल्यावर आपलं लाडकं पिल्लू जाईल, अशी धास्ती मुलांच्या मनात घालू नका. मुलं मग सांगत नाहीत. सहन करतात.

आता मला थांबायला हवं. बाहेर बाकावर एक आजोबा मांजरीचं पिल्लू पिशवीत घेऊन बसले आहेत. मघापासून ते "काही नाही, सहज आलो होतो," असंच म्हणताहेत. तेजस्विनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आहे. ती काही विचारत नाही. पिशवीवर हात ठेवून ती त्यांच्या बोलण्याची वाट बघते आहे.